ओझरला अजून ‘मिग’च म्हणतात

नाशिकहून पिंपळगाव बसवंतकडे जाणाऱ्या एसटीत बसलं की दहावा मैल मागे पडल्यावर कुणीतरी हमखास विचारतं, मिग आलं का? मिग म्हणजे एचएएलचा, हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी विमान कंपनीचा, कारखाना आणि त्याची टाऊनशिप. ओझर गाव वेगळं आणि मिग वेगळं, पण आमच्याकडे एचएएल कुणी म्हणत नाही. मामा मिगमध्ये होते, शेजारचे काका मिगमधून रिटायर झाले, अमक्याच्या पोराचं मिगमध्ये अ‍ॅप्रेंटिसला नाव लागलं, असंच बोलतो आम्ही. मिग विमानं बनवणं कधीच थांबलं, नंतर वीसेक वर्षं तिथं सुखोई बनली, आता तेजस बनतंय, नाव मात्र मिगच.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलाच्या मिग-२१ या लढाऊ विमानाचा निरोपाचा कार्यक्रम झाला. शुक्रवार होता, नवरात्र चालू होतं. आदल्या रात्री मामांचा फोन आला, म्हणाले उद्या येतेस का, एकट्याला नाही बघायचंय. मग मी हाफ डे टाकला आणि गेले. मामांनी सगळी नोकरी रिव्हेटिंगला, म्हणजे विमानाचे पत्रे खिळ्यासारख्या रिव्हेटनं जोडायच्या कामाला, काढली, आधी मिग-२१, मग मिग-२७, शेवटी सुखोई. आता ऐकायला कमी येतं म्हणून टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसले होते. कॅमेरा विमानाच्या पंखाजवळ गेला तसे ते उठले आणि स्क्रीनवर बोट टेकवलं, पंखाच्या कडेनं रिव्हेटची ओळ असते ना, तिथं. ते नेहमी सांगतात की रिव्हेट नीट बसलं का नाही हे डोळ्याला कळत नाही, बोटाला कळतं, बोट फिरवलं की एक जरी वर राहिलं असेल तर लागतं. त्या दिवशी काचेवरूनच बोट फिरवलं त्यांनी. म्हणाले, "ही आपल्याकडचीच गं. बिसची बायसन केलेली." बिस हा मिग-२१ चाच एक प्रकार, बायसन म्हणजे तोच सुधारलेला.

मग खाली बसले आणि जरा वेळानं म्हणाले, "पहिलं त्रेसष्ट साली आलं. आज चाललंय. एवढी वर्षं का ठेवली?"

तो प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेला नाही. बासष्ट वर्षं. मामांनी हातानं बनवलेल्या वस्तूला लोक ‘उडती शवपेटी’ म्हणाले, पेपरात तसे मथळे आले, तेव्हा ते घरात कुणाशी बोलायचे नाहीत हे मी लहानपणी बघितलंय. आणि विमान वाईट नव्हतंच. साठच्या दशकात ते जगातलं एक उत्तम विमान होतं, १९७१ च्या युद्धात त्यानं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. ज्या वयात त्याला घरी बसवायला हवं होतं त्या वयात त्याला उडवत ठेवलं, कारण त्याच्या जागी येणारं विमान खरेदीच्या फायलीत होतं. मामांच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. मी स्वतः गेली पंधरा वर्षं परचेसमध्ये काम करते, सातपूरला, त्यामुळे फाईल अडकते म्हणजे काय होतं हे मला आतून माहीत आहे, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

तर सुरुवात कारगिलपासून. १९९९ ला ऑपरेशन सफेद सागरमध्ये, म्हणजे कारगिलमधल्या हवाई दलाच्या मोहिमेत, मिराज-२००० या फ्रेंच विमानानं टायगर हिलवर लेझर गायडेड बॉम्ब टाकले आणि हवाई दलाच्या लक्षात आलं की आपल्याला असं विमान आणखी हवंय, जे वर दुसऱ्या विमानाशीही लढेल आणि खाली अचूक माराही करेल. मल्टिरोल म्हणजे तेच, पूर्वी एका कामाला एक विमान असायचं, हे एकाच फेरीत दोन-तीन कामं करतं. मिराज १९८५ पासून ग्वाल्हेरला होतीच, तेव्हा हवाई दलाची मागणी साधी होती, हीच विमानं सुधारून आणखी घ्या, १२६. वैमानिकांना सवय आहे, मेकॅनिकना सवय आहे, स्पेअर्स ओळखीचे. आमच्या भाषेत याला रिपीट ऑर्डर म्हणतात, आणि कुठल्याही परचेसवाल्याला विचारा, रिपीट ऑर्डरीसारखं सुख नाही. पण एकाच कंपनीला विचारून एवढी मोठी ऑर्डर द्यायची नाही, स्पर्धा घ्यायची, असं ठरलं. तत्त्व म्हणून ते बरोबरच आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. फक्त त्यात वर्षं गेली. २००१ च्या आसपास सुरू झालेल्या विषयाचं टेंडर, म्हणजे आरएफपी, २००७ च्या ऑगस्टमध्ये निघालं.

सहा जण आले. फ्रान्सचं राफेल, युरोपातल्या चार देशांचं युरोफायटर टायफून, अमेरिकेची दोन, एफ-१६ आणि एफ-१८ सुपर हॉर्नेट, रशियाचं मिग-३५, स्वीडनचं ग्रिपेन. १२६ पैकी १८ तयार मिळणार आणि १०८ इथं एचएएलमध्ये बनणार. त्या काळात मामांकडे संध्याकाळी मिगमधले लोक जमायचे आणि कुठलं विमान येणार यावर क्रिकेटच्या टीमवर बोलावं तसं बोलायचे. चाचण्या तर फार काळजीपूर्वक घेतल्या. प्रत्येक विमान बंगळुरूच्या दमट हवेत उडवलं, जैसलमेरच्या उन्हात उडवलं, आणि लेहला नेलं, जिथं हवा इतकी विरळ की इंजिन बंद करून परत चालू करायचं म्हटलं तरी परीक्षा असते. सहाशेहून जास्त मुद्दे तपासले. आपल्या वैमानिकांनी आणि इंजिनिअरांनी हे काम फार चोख केलं, आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे. एप्रिल २०११ ला टेक्निकलमध्ये दोन उरले, राफेल आणि टायफून. नोव्हेंबर २०११ ला किमतीचे लखोटे उघडले. ३१ जानेवारी २०१२ ला राफेल एल-वन ठरलं.

एल-वन म्हणजे सगळ्यात कमी भाववाला, हे सरकारी टेंडरशी संबंध आलेल्या कुणालाही माहीत असतं. पण इथं नुसता विमानाचा भाव नव्हता, लाइफ सायकल कॉस्ट धरली होती, म्हणजे पुढची कित्येक वर्षं ते उडवायला, दुरुस्त करायला, ओव्हरहॉल करायला किती लागेल तेही मिळवून. हे मला फार आवडलं होतं तेव्हा. आम्ही कंपनीत कॉम्प्रेसर घेताना सुद्धा भांडतो यासाठी, की बाबा मशीन दोन लाख स्वस्त मिळतंय पण वीज किती खातंय ते बघा, फिल्टर कितीला पडतो बघा. देशाच्या एवढ्या मोठ्या खरेदीत ती पद्धत आली हे चांगलंच झालं. पण मग त्या हिशोबाच्या पद्धतीवरच शंका निघाल्या, आणि त्यावरही वेळ गेला.

खरी गाडी अडली ती त्या १०८ विमानांवर. ती बनणार एचएएलमध्ये, तंत्रज्ञान राफेल बनवणाऱ्या दसॉ कंपनीचं. मग त्यांची हमी कोण देणार? उशीर झाला तर दंड कुणी भरायचा? आपल्या बाजूचं म्हणणं की टेंडर तुम्ही भरलंय तर सगळ्या १२६ ची जबाबदारी तुमची, दसॉचं म्हणणं की दुसऱ्याच्या कारखान्यात, दुसऱ्याच्या कामगारांनी बनवलेल्या विमानाची पूर्ण हमी आम्ही कशी देऊ. शिवाय एक विमान बनवायला माणसाचे किती तास लागतील यावरही दोघांचे आकडे वेगळे. आता बघा, हे दोन्ही बाजूंचं बोलणं मला पटतं. आमच्याकडे एखादा व्हेंडर असतो, त्याला आपण म्हणतो डिझाईन तुझं, मटेरियल तुझं, पण वेल्डिंग आमच्या शॉपमध्ये, तर तो पहिल्या मिनिटाला विचारतो की मग वेल्ड तुटलं तर कुणाचं? हा प्रश्न टेंडर काढायच्या आधी सुटायला हवा. पीओच्या, म्हणजे पर्चेस ऑर्डरच्या, टेबलवर बसल्यावर तो सुटत नाही, कारण तेव्हा कुणालाच मागे यायचं नसतं. २०१२ गेलं, २०१३ गेलं, फेब्रुवारी २०१४ मध्ये संरक्षणमंत्री अँटनी यांनी सांगितलं की या आर्थिक वर्षात पैसे उरले नाहीत. १० एप्रिल २०१५ ला पंतप्रधान मोदींनी पॅरिसला जाहीर केलं की तयार ३६ विमानं सरकार ते सरकार घेणार, आणि त्याच वर्षी १२६ चं टेंडर अधिकृतपणे बंद झालं.

इथं मला माझ्या पहिल्या नोकरीतली गोष्ट सांगायची आहे, कंपनीचं नाव नको. आमच्याकडे एक जुनी पॉवर प्रेस होती, की-क्लचवाली, ती कधीकधी डबल स्ट्रोक द्यायची, म्हणजे पेडल एकदा दाबलं तरी दोनदा खाली यायची. नवी प्रेस घ्यायची ठरली, न्यूमॅटिक क्लच आणि पुढं सेन्सर, हात आत असला की थांबणारी. फाईल माझ्याकडे, मी नवीन होते, फार मन लावून केली. तीन कोटेशन घेतले. वरून आलं अजून दोन घ्या. घेतले. मग टेक्निकल कमिटी. मग एकाची व्हॅलिडिटी संपली, पत्र लिहून वाढवून घेतली. मग मार्च एंड. मग स्टीलचे भाव चढले म्हणून सगळ्यांनी रिव्हाइज्ड दिले आणि परत पहिल्यापासून कम्पॅरेटिव्ह. मी त्या शीटमध्ये रेट, टॅक्स, फ्रेट, इन्स्टॉलेशन, वॉरंटी, डिलिव्हरी, सगळे कॉलम टाकले होते. जुनी प्रेस तोवर कोण चालवणार हे त्यात कुठंच नव्हतं आणि मला ते सुचलंही नव्हतं. एकोणिसाव्या महिन्यात एका रात्रपाळीत त्या प्रेसनं डबल स्ट्रोक दिला आणि एका ऑपरेटरची दोन बोटं गेली. त्यानंतर नव्या प्रेसच्या पीओवर चार दिवसांत सह्या झाल्या. तीच प्रेस, तोच व्हेंडर, तोच भाव. त्या सह्या आधी का झाल्या नाहीत याचं उत्तर मला आजपर्यंत कुणी दिलेलं नाही.

म्हणून विमान खरेदीच्या बातम्या वाचताना माझं लक्ष किमतीपेक्षा तारखांकडे जातं. फाईल फिरत असते तेव्हा जुनं विमान उभं नसतं, ते रोज उडत असतं, आणि त्यात कुणाचा तरी पोरगा बसलेला असतो.

याचं सगळ्यात दुखरं उदाहरण तर फायटरचं सुद्धा नाही, ट्रेनरचं आहे. १९८२ ला एका समितीनं सांगितलं होतं की हवाई दलाला अ‍ॅडव्हान्स्ड जेट ट्रेनर हवं. कारण आपली मुलं किरणसारख्या हळू विमानावर शिकायची आणि मग मिग-२१ वर जायची, जे लँडिंगलाच इतक्या वेगात येतं की चुकायला सेकंद मिळत नाही. मधली पायरीच नव्हती. तो ट्रेनर, म्हणजे ब्रिटिश हॉक, घ्यायचा करार झाला २००४ ला. बावीस वर्षं. त्या बावीस वर्षांत किती बॅच बाहेर पडल्या असतील याचा नुसता विचार करा. सप्टेंबर २००१ ला सुरतगडला फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मिग-२१ च्या अपघातात गेले, आणि त्यांच्या आईनं, कविता गाडगीळ यांनी, या विमानाच्या सुरक्षेचा विषय कित्येक वर्षं लावून धरला. मराठी पेपरांत तेव्हा त्यांच्याबद्दल यायचं. मामींनी एकदा ते कात्रण मामांसमोर ठेवलं होतं, मामांनी वाचलं, घडी घातली आणि देवघराच्या खणात ठेवलं. अजून तिथंच आहे.

२०१२ ला संसदेत आकडे सांगितले गेले. ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातात गेली, १७१ वैमानिक आणि ३९ सामान्य नागरिक मेले. यात सगळी कारणं आहेत, माणसाची चूक आहे, यंत्राचा बिघाड आहे, पक्षी आहेत, सगळ्याचा दोष उशिरावर टाकला तर तो खोटेपणा होईल. पण ज्या वर्षी हा आकडा संसदेत आला त्याच वर्षी राफेल एल-वन ठरून त्याची फाईल टेबलावर होती, आणि ती पुढं सरकली नाही, हेही तितकंच खरं.

उशीर का होतो याबद्दल लोक लगेच म्हणतात की भ्रष्टाचार. मला वाटतं उलटं आहे, बऱ्याचदा भ्रष्टाचाराच्या भीतीनं होतो. बोफोर्स तोफांचा करार १९८६ चा. त्यावरून सरकारं हादरली, आणि त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं आपण सैन्यासाठी नवी मोठी तोफ विकत घेतली नाही, एम-७७७ तोफांचा करार झाला २०१६ ला. बोफोर्स तोफ मात्र चांगली होती, कारगिलला तिनंच हात दिला. त्या प्रकरणानं प्रत्येक टेबलावरच्या माणसाला हे शिकवलं की सही केली तर चौकशी होऊ शकते, सही नाही केली तर काहीच होत नाही. हे मी आमच्या छोट्या कंपनीत रोज बघते. ऑडिटर येतो तो झालेल्या खरेदीचे कागद मागतो, हा भाव का दिला, तो व्हेंडर का घेतला. न झालेल्या खरेदीचा कागद आजपर्यंत एकाही ऑडिटरनं मागितला नाही. माझी मागणी असेल तर एवढीच आहे की तोही मागावा. प्रत्येक फाईलवर लिहिलेलं असावं की ही गोष्ट अमुक तारखेला नाही आली तर जुनी वस्तू कोण वापरणार आणि तिचं आयुष्य कधी संपतंय, आणि ती तारीख उलटली की वरच्या माणसाला त्याचंही उत्तर द्यावं लागावं.

असो, राफेल. २३ सप्टेंबर २०१६ ला दिल्लीत करार झाला, आपल्या बाजूनं सही केली ती गोव्याच्या मनोहर पर्रीकरांनी, ते तेव्हा संरक्षणमंत्री होते. ३६ विमानं, सुमारे ५९ हजार कोटी. त्यावर किती राजकारण झालं, सुप्रीम कोर्टात गेलं, कोर्टानं डिसेंबर २०१८ ला याचिका फेटाळल्या, कॅगचा रिपोर्ट आला की जुन्या ऑफरपेक्षा २.८६ टक्क्यांनी स्वस्त. घरोघरी लोक ५९ हजार भागिले ३६ करत बसले होते. परचेसवाली म्हणून सांगते, असा भागाकार करायचाच नसतो, कारण त्या रकमेत नुसती विमानं नाहीत, क्षेपणास्त्रं आहेत, स्पेअर्स आहेत, लेहसारख्या उंचीवर थंडीत इंजिन चालू व्हावं अशा आपल्यासाठी खास केलेल्या तेरा सुधारणा आहेत, दोन तळांवरची व्यवस्था आहे, आणि पाच वर्षं ७५ टक्के विमानं कायम उडायच्या अवस्थेत राहतील ही हमी आहे. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दहा मशीन घेतली आणि सहा स्पेअर्सची वाट बघत उभी असली तर तुमच्याकडे दहा मशीन नाहीत, चारच आहेत.

माझी तक्रार विमानाबद्दल नाही आणि भावाबद्दलही नाही. १२६ ची गरज होती आणि ३६ आली, ही आहे. २९ जुलै २०२० ला पहिली पाच अंबाल्याला उतरली, गलवान नुकतंच झालेलं, लॉकडाऊन होता, आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो, आई तर हात जोडून बसली होती. आनंद झालाच. पण आरएफपीपासून तेरा वर्षं, विषय निघाल्यापासून एकोणीस. शेवटचं, छत्तिसावं विमान डिसेंबर २०२२ ला आलं. दोन स्क्वाड्रन झाल्या, एक अंबाल्याला, एक बंगालमध्ये हाशिमारा इथं. हवाई दलाला मंजूर स्क्वाड्रन ४२ आहेत, आणि मिग-२१ गेल्यावर उरल्या २९. एका स्क्वाड्रनमध्ये सोळा ते अठरा विमानं. नौदलासाठी २६ राफेल-एम चा करार २८ एप्रिल २०२५ ला झाला, सुमारे ६३ हजार कोटींचा, चांगली गोष्ट आहे पण ती विमानवाहू जहाजासाठी, हवाई दलाची भूक त्यानं भागत नाही. हवाई दलासाठी आणखी ११४ मल्टिरोल विमानांची चौकशी, म्हणजे आरएफआय, निघाली एप्रिल २०१८ ला. त्यालाही सात वर्षं उलटून गेली. १२६ ची गोष्ट परत पहिल्या पानापासून वाचतोय असं वाटतं.

आणि तेजस. मिग-२१ च्या जागी आपलंच विमान यावं म्हणून १९८३ ला काम सुरू झालं, पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१, पहिली स्क्वाड्रन २०१६. मला तेजसबद्दल वाईट बोललेलं सहन होत नाही, कारण ज्या देशानं आधी इंजिन, रडार, सॉफ्टवेअर असं काहीच केलं नव्हतं त्यानं हे सगळं एकाच वेळी शिकायला घेतलं, त्याला वेळ लागणारच. पण ते स्वीकारल्यावर तरी पुढचं भराभर व्हायला हवं होतं. तेजसच्या मार्क-१ए या सुधारित प्रकारच्या ८३ विमानांची ऑर्डर फेब्रुवारी २०२१ ला दिली, मिळायला सुरुवात व्हायची होती मार्च २०२४ पासून. अमेरिकेहून येणाऱ्या एफ-४०४ इंजिनांपैकी पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ ला. इंजिनाशिवाय विमान म्हणजे मामांच्या शब्दात नुसतं भांडं. हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी मे २०२५ मध्ये जाहीर कार्यक्रमात बोलून दाखवलं की वेळेवर पूर्ण झालेला एकही प्रोजेक्ट मला आठवत नाही. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाला असं उघड बोलावं लागलं हे ऐकून मला फार लागलं. तरी ते बोलले हे बरं झालं.

आमच्या भागात या उशिराची आणखी एक बाजू दिसते. सुखोई एकूण २७२, त्यातली २२२ ओझरला बनली. कारखाना आला तेव्हा यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते, १९६३ ला नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर गेलेले, आणि तेव्हापासून इथल्या दोन पिढ्या विमानं बनवत आल्या. मग सुखोईची शेवटची ऑर्डर संपली, पुढचं नवं विमान ठरलेलं नव्हतं, आणि काम राहिलं ते मुख्यतः ओव्हरहॉलचं. ओव्हरहॉल हे हलकं काम नाही. पण नवं विमान बनवणारा हात वेगळा असतो, तो हात चालत राहिला तरच पुढच्या पोराला शिकवता येतो. मामा म्हणतात की एक चांगला रिव्हेटर तयार व्हायला पाच वर्षं लागतात, आणि शिकवणारा रिटायर झाला की तो घेऊन जातो सगळं. शेवटी डिसेंबर २०२४ ला १२ सुखोईंची नवी ऑर्डर आली, अपघातात गेलेल्या विमानांची भरपाई म्हणून. जून २०२४ ला निफाड तालुक्यात शिरसगावला एक सुखोई शेतात कोसळलं होतं, दोन्ही वैमानिक पॅराशूटनं उतरले, देवाची कृपा. माझी चुलत बहीण जवळच राहते, तिनं सांगितलं की आधी आवाज बदलला आणि मग आवाजच गेला, आणि तिला पहिला विचार आला तो आतल्या माणसांचा.

१७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकमध्ये बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए ओझरहून उडालं. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह आले होते, तेजस बनवायच्या तिसऱ्या लाइनचं उद्घाटन होतं. वसुबारस होती त्या दिवशी. मी परत मामांकडे, गच्चीवर. समोरच्या बागेत द्राक्षाची छाटणी चालू होती, बायकांच्या हातात कात्र्या, आणि आवाज आला तशा सगळ्या थांबून वर बघायला लागल्या. सुखोईसारखा छाती हलवणारा दणका नाही याला, आवाज बारीक आहे, आणि विमानही छोटं, पटकन वळतं. मामांना आवाज नीट आला नाही. त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि विमान कुठं गेलं ते मला विचारत राहिले, मी त्यांचा खांदा धरून त्या बाजूला वळवत राहिले. दिसलं त्यांना. काही बोलले नाहीत, फक्त उजव्या हाताचं बोट अंगठ्यावर घासत होते.

विमान उतरल्यावर म्हणाले, "ऑर्डर किती?"

"८३ आधीची, आणि गेल्या महिन्यात ९७ ची झाली. १८०."

"आपल्याकडे वर्षाला किती?"

"आठ म्हणतात. बंगळुरू धरून चोवीस."

त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. "साडेसात वर्षं. आजपासून धरलं तर." मग जरा थांबून, "इंजिनं किती आलीत?"

मी पेपरात वाचलं होतं तेवढं सांगितलं, बोटांवर मोजता येतील एवढीच. त्यांनी मान हलवली. खालून मामी गाय-वासराच्या पूजेला हाक मारत होत्या, तसे आम्ही जिना उतरलो, मामा पुढं, आणि उतरताना कठड्याच्या पत्र्यावरून त्यांचं बोट फिरत होतं.